नोंदवहीत काय लिहायचं नाही

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका गावाची लोक जैवविविधता नोंदवही (इंग्रजी आद्याक्षरांनी पीबीआर) नव्यानं करायच्या कामात मी एका पावसाळ्याच्या आधीपासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत होते. गावाचं नाव लिहिणार नाही. कारण पुढे येईलच. नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. माझा एक जुना विद्यार्थी त्या गावचा, आता ग्रामपंचायतीचा सदस्य. त्याचा फोन आला, "मॅडम, आमच्या गावाची पीबीआर झालेली आहे म्हणे. कोणी केली, कधी केली, कुणालाच माहीत नाही. तुम्ही एकदा बघता का?"

बघितली. चकचकीत मुखपृष्ठ, आत उपग्रहावरून काढलेला नकाशा, स्पायरल बाइंडिंग. झाडांच्या तक्त्यात तिवर आणि चिपी. माशांच्या तक्त्यात बोंबील आणि सुरमई. ज्या गावातून समुद्र बघायचा तर घाट उतरून निम्मा दिवस गाडीत बसावं लागतं, त्या गावाच्या नावावर खारफुटी! किनाऱ्यावरच्या कुठल्यातरी गावाची फाइल उघडून वरचं नाव तेवढं बदललेलं दिसत होतं. जाणकार व्यक्तींच्या यादीत ज्या आजोबांचं नाव होतं, ते नोंदवहीवरच्या तारखेच्या आधीच वारले होते. कोणी येऊन काही विचारून गेल्याचं गावात एकालाही आठवत नव्हतं.

ते काम कोणत्या संस्थेनं केलं हे इथं सांगत नाही. एकाच संस्थेला झोडून फार उपयोगही नाही, कारण घाई वरून आलेली होती. जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्यातल्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीनं, नगरपालिकेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची. आणि २००४ च्या नियमांप्रमाणे त्या समितीचं मुख्य काम म्हणजे गावातल्या लोकांना विचारून ही नोंदवही करणं. गावात काय उगवतं, काय चरतं, काय उडतं, कशाचा काय उपयोग, हे कोणाला माहीत आहे, सगळं त्यात यायला हवं. कल्पना सुरेख आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांसारख्या माणसानं तिचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. पण पुष्कळ गावांत समितीच नव्हती, तर वही कुठून असणार. मग राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये बडगा उगारला: ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळ्या समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून राज्यानं दरमहा १० लाख रुपये भरा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच २७ हजारांच्या वर. एवढ्या गावांत चार ऋतू फिरून, म्हाताऱ्याकोताऱ्यांजवळ बसून लिहायचं काम काही महिन्यांत कसं व्हायचं? लवादाला हवी होती राखण. सरकारी यंत्रणेला दिसला दंड. दंड चुकवायला जे लागतं ते तयार झालं.

"असू दे ना खोटी, कोणाचं काय अडतं?" असंही गावात एक जण म्हणाला. त्याचंही खरं होतं. नोंदवही म्हणजे काही मनाई हुकूम नव्हे. डोंगर फोडणाऱ्या जेसीबीपुढे वही धरली म्हणून तो थांबत नाही. पण हरकत घ्यायची वेळ येते तेव्हा समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "पुरावा काय?" आणि त्या भागात हरकत घ्यायची वेळ आता वारंवार येते. अंजनेरीच्या डोंगरावर रस्ता न्यायचा घाट, ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवे, ब्रह्मगिरीच्या पायथ्याची खोदाई, त्यात २०२७ चा सिंहस्थ जवळ आल्यामुळे रस्त्यालगतच्या जमिनीचे चढलेले भाव. उद्या कोणी विचारलं की या डोंगरावर जपण्यासारखं आहे तरी काय, तर गावाच्या अधिकृत दप्तरात उत्तर होतं: बोंबील.

तर करायचं ठरलं. पहिली पायरी ग्रामसभा. समितीत अध्यक्ष आणि सहा सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश महिला. जुन्या समितीचा ठराव सापडला, सह्याही होत्या. पण सदस्य बायकांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. नव्या समितीसाठी आधी जी नावं पुढे आली ती नेहमीचीच, कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता. सरपंचताई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "रानात जातं कोण? भाजी आणतं कोण? त्यांची नावं घ्या की." अशानं समितीत चार बाया आल्या, एक गुराखी आला, हाडं बसवणारे एक बाबा आले आणि माझा विद्यार्थी लिहायला बसला. मी समितीत नव्हते. मी शास्त्रीय नावं घालायला आणि वह्या-पेनं पुरवायला.

त्याच सभेत खरा अडसर निघाला, आणि तो आळस किंवा अज्ञान नव्हता. मागच्या बाकावरून एक जण उठला. "मॅडम, हे लिहून दिलं, का लगेच फॉरेस्टवाले येतील. का झोन लागंल. मग आम्ही घर बांधायचं नाय, कुडाची लाकडं आणायची नाय. हायेच तुमचं हे." त्यावर माना डोलल्या. 'झोन' म्हणजे पश्चिम घाटाचं पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र. त्याच्या मसुद्याच्या बातम्या गावात पोहोचल्या होत्या, मसुदा नव्हता पोहोचला.

मी फोनवर मसुदा उघडून जमेल तसा सांगितला. ३१ जुलै २०२४ चा हा सहावा मसुदा. सहा राज्यांत मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यातले महाराष्ट्रातले १७,३४०. बंदी आहे ती खाणी, दगड आणि वाळू काढणं, नवे औष्णिक वीज प्रकल्प, लाल यादीतले, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे कारखाने यांवर. बांधकाम अडतं ते २० हजार चौरस मीटरच्या पुढचं. तुमचं घर, तुमची पडवी, तुमचा गोठा यात येत नाही. हरकतींना मुदत होती ६० दिवस. "एवढं मोठं घर कोणाचं हाय आपल्यात?" एका बाईनं विचारलं आणि सभा हसली. उठलेला माणूस मात्र हसला नाही. त्याचा वनहक्काचा दावा कित्येक वर्षं पडून आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण ती जमीन कसतो याचा पुरावा आणा, म्हणून त्याला फिरवलं गेलं होतं. "तवा कागुद मागितला तर नव्हता आमच्याकडं. आता कागुद करायचा म्हणता, तो आमच्या कामाचा का त्यांच्या?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. नाशिकच्या सभागृहांतून आम्ही जे बोलतो त्यात हा प्रश्न येतच नाही. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीनं सांगितलं होतं की काय राखायचं, कसं राखायचं हे ग्रामसभांना विचारून ठरवा. तो अहवाल २०११ मध्ये सरकारला मिळाला आणि माहिती अधिकाराची लढाई होऊन लोकांपुढे यायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात गावोगाव एकच गोष्ट पसरली, की कोणीतरी आपल्याला हाकलायला निघालंय. ती कोणी पसरवली हे ज्याचं त्यानं ओळखावं. खाणमालकाला स्वतः पुढे येऊन बोलायची गरजच पडली नाही, त्याच्या वतीनं गरीब माणूसच घाबरून बोलायला लागला.

शेवटी त्या माणसाच्या सांगण्यावरूनच ठरावात एक वाक्य घातलं: या नोंदवहीतल्या कोणत्याही नोंदीमुळे गावातल्या कोणाच्या वनहक्क दाव्याला बाध येणार नाही, आणि नोंदीचा वापर गावाबाहेर ग्रामसभेला विचारल्याशिवाय होणार नाही. कायद्याच्या कसोटीवर हे वाक्य किती टिकेल, मला शंका आहे. पण ते घातलं आणि मगच सह्या झाल्या, अंगठे उठले.

पुढचं काम पावसाच्या तालावर चाललं. नोंदवहीचे छापील तक्ते असतात: पिकं, फळझाडं, चारा, तण, किडी, जनावरं, रानातली झाडं, वेली, औषधी वनस्पती, मासे, पाणवठे, माती. तक्ते कोणीतरी टेबलाशी बसून केलेले, त्यामुळे एकाच वेलाची तीन तक्त्यांत विभागणी होते. चाईचा वेल घ्या. श्रावण-भाद्रपदात त्याचा मोहर येतो, त्याची भाजी. थंडीत जमिनीतला कंद, तो उकडून खायचा. मग तो भाजीत लिहायचा, कंदात, का वेलीत? आम्ही शेवटी तक्ता बाजूला ठेवला आणि महिन्यांप्रमाणे लिहायला लागलो. पहिल्या पावसाच्या आधी शेवळं. ती घशाला खाजतात म्हणून त्याच दिवसांत येणारी काकडं बरोबर घालून शिजवायची. मग कोळूची भाजी, फोडशी, टाकळा, कुर्डू, करटोली. भात, नागली, वरई यांच्या हळव्या-गरव्या, म्हणजे लवकर आणि उशिरा पिकणाऱ्या जाती. समितीतल्या बायका एकमेकींना दुरुस्त करत बोलायच्या, माझा विद्यार्थी लिहून दमायचा.

कंद खणायला एका आजींबरोबर गेले तो दिवस जरा सावकाश सांगते. वेल वाळलेला, नुसती दोरी राहिलेली. आजींनी ती बोटांनी खालपर्यंत चाचपत नेली आणि मुळाशी न खणता वीतभर लांब पहारीचा पहिला घाव घातला. तिथून तिरकं आत. माती हातानं काढायची, पहार फक्त दगड हलवायला. कंद दिसल्यावर त्या थांबल्या, खालचा जाड भाग विळ्यानं कापून घेतला आणि वरचं डोकं, ज्याला वेलाचा बुडखा चिकटलेला होता, ते पुन्हा खड्ड्यात ठेवलं. वरून मऊ माती, मग पालापाचोळा, मग एक दगड. "दगड कशाला?" मी विचारलं. "डुकरं उकरत्यात. आन् दुसरी बाय आली तर तिला कळतं का यंदाचं झालं." म्हणजे दगड ही खूणही होती. ज्या खड्ड्यावर दगड, तिथं यंदा कोणी हात लावायचा नाही. हे छापील तक्त्यात कुठे लिहायचं? 'उपयोग' या रकान्यात 'कंद खाद्य' एवढं मावतं. आम्ही एक नवा रकाना पाडला, 'काढायची रीत', आणि माझ्या मते अख्ख्या वहीत तोच सगळ्यात मोलाचा झाला.

दुसरा बोलका रकाना म्हणजे 'पूर्वी आणि आता'. ओढ्यातल्या माशांचं विचारलं तर मुऱ्या, खवल्या, वाम अशी नावं पुरुषांनी भराभर सांगितली, आणि 'आता' या शब्दापाशी सगळे गप्प. टोमॅटोवरच्या फवारणीचे डबे ओढ्यातच धुतात. कोणी ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारतं. शिवाय खोलीकरणाच्या नावाखाली ओढ्याचे डोह जेसीबीनं सपाट झाले. ही तिन्ही कारणं गावानं आपल्याच तोंडानं लिहून दिली, त्यात बाहेरचा कोणी नव्हता. गिधाडांचं तसं नाही. मेलेलं ढोर टाकलं की घारीसारखी गिरक्या घेत उतरायची, असं पन्नाशीच्या पुढचे सगळे सांगतात. जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक औषधानं देशभरातली गिधाडं मेली. त्यावर २००६ मध्ये बंदी आली. अंजनेरीच्या कड्यांवर ती अजून घरटी करतात, हरसूलकडे खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केलेली आहे. आमच्या गावात 'आता' खाली लिहिलं: क्वचित, खूप उंचावर.

औषधी वनस्पतींच्या तक्त्यापाशी गाडं अडलं. हाडं बसवणारे बाबा समितीत असूनही एक शब्द सांगायला तयार नव्हते. मी चिकाटीनं विचारत राहिले, तर म्हणाले, "झाडाचं नाव लिवा. कोणता भाग, कशाबरोबर, किती, ते नाय. तुमी लिवलं का ते लिवणाऱ्याचं होतंय." हा संशय वेडगळ वाटतो का? कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती बघा. ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानावर चालणाऱ्यांना आणि आयुष वैद्यांना त्यात बऱ्याच जबाबदाऱ्यांतून मोकळं केलेलं आहे. आधीच्या तुरुंगवासाच्या शिक्षा जाऊन १ लाखापासून ५० लाखांपर्यंतचा दंड आला. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं, की देशी कंपन्यांनीही वनस्पती वापरल्या तर गावाला वाटा द्यायचा. त्यानंतर पाच वर्षांत हे घडलं. पोथीत लिहिलेलं ते सगळ्यांचं, बाबांच्या डोक्यात आहे त्याचे धनी बाबा. मी आग्रह सोडला. वहीत नावं आहेत, मात्रा नाही.

त्यातूनच मग सभेत सगळ्यात लांबलेला वाद उभा राहिला. समितीतला गुराखी आम्हाला वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घेऊन गेला होता. भाद्रपदातलं धुकं, पायाखाली पाणी झिरपणारा कातळ, आणि गवताच्या आडोशाला खरपुडी. कंदिलासारखं बोटभर फूल, वरून बंद, बाजूनं झरोके. बारीक माशी आत शिरते ती परागकण घेऊनच सुटते. खरपुडीच्या काही जाती सह्याद्रीतल्या एखाद्याच डोंगरावर आढळतात. अंजनेरीवरची एक जात तर २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वर्णन केली आणि तिच्या नावातच अंजनेरी आहे. २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला, त्यामागं गिधाडं आणि अशा वनस्पती यांचा वाटा मोठा. आमच्या सड्यावर कोणती जात आहे हे मला माहीत आहे. इथं सांगत नाही.

आता ही नोंद कशी करायची? मी म्हटलं, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घालू. उद्या वर पवनचक्क्या, रिसॉर्ट, रस्ता काहीही आलं तर 'डोंगरावर आहे' एवढ्यानं भागत नाही, नेमकी जागा लागते. गुराखी म्हणाला, "पाटी लावल्यासारखं होईल." त्यानं पाहिलं होतं: मोठे कॅमेरे घेऊन शहरातली माणसं येतात, फोटो काढतात, जागेसकट मोबाइलवर टाकतात, आणि पुढच्या आठवड्यात कोणीतरी कंदच उकरून नेतं. शौकिनांच्या कुंड्यांसाठी या कंदांना मागणी आहे. सरपंचताईंच्या विरोधातल्या गटाला वेगळाच संशय, "गावापासून लपवायचं म्हणजे कोणाला विकायचं ठरलंय?" मग आवाज चढले. मागच्या निवडणुकीची उणीदुणी निघाली, खरपुडी बाजूलाच राहिली.

तोड आजींनी काढली. "दोन वह्या करा." एक ऑफिसात द्यायची, तीत सगळं, पण जागा फक्त पाड्यापर्यंत. दुसरी हातानं लिहिलेली, तीत जागांच्या खुणा. ती गावातच राहील, दोन्ही गटांची एकेक किल्ली असलेल्या पेटीत. उघडायची तर ग्रामसभेच्या ठरावानंच. यावर मात्र कोणाला बोलायला जागा उरली नाही. किल्लीवरून थोडी कुरकुर झाली, ती नेहमीची.

तयार वही घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी संगणकात गावाचं नाव घातलं आणि म्हणाले, "तुमची पीबीआर शंभर टक्के पूर्ण आहे. दुसरी कशी घेऊ?" विद्यार्थ्यानं जुनी वही उघडून बोंबील दाखवला. ते मनापासून हसले, चहाही मागवला, पण पूर्ण झालेलं काम अपूर्ण दाखवायची सोय त्यांच्याकडे नव्हती. असं दाखवायचं म्हणजे राज्यभर किती गावं अपूर्ण निघतील या विचारानं त्यांनाच घाम फुटला असावा. पुढे बऱ्याच खेपा झाल्या. वाट सापडली ती अर्जाच्या विषयात. 'नवीन नोंदवही सादर करणे' याऐवजी 'नोंदवहीचे अद्ययावतीकरण' लिहिलं, आणि नोंदवही वेळोवेळी अद्ययावत करायची असतेच, हे त्यांच्याच मार्गदर्शक सूचनांतलं दाखवलं. ज्यांना आपल्या गावची वही अशी बोगस निघेल त्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा, बराच वेळ वाचेल. तपासणीनंतर आमची प्रत नागपूरला राज्य जैवविविधता मंडळाकडे गेल्याचं सांगतात. पोचपावती मात्र आमच्याकडे आहे.

वहीचा उपयोग काय झाला? दोन प्रसंग सांगते, दोन्ही अर्धवट. हिरडा, बेहडा, गुळवेल, मुरुडशेंग गोळा करायला एक व्यापारी पिकअप घेऊन यायचा. कायद्याप्रमाणे व्यापारासाठी नेणाऱ्याकडून समिती शुल्क घेऊ शकते. समितीनं ठराव करून त्याला पत्र दिलं. त्यानं पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी शेजारच्या गावात लावली. आमच्याच गावातले लोक तिकडे जाऊन माल घालायला लागले. एका गावाचं राखणं हे असं, बांधाच्या एकाच बाजूला कुंपण घालण्यासारखं.

दुसरा प्रसंग डोंगराच्या पायथ्याचा. शहरातल्या कोणीतरी जागा घेतली आणि सपाटीकरण म्हणून उतार कापायला घेतला. मुरूम ट्रॅक्टरनं जायला लागला. ग्रामसभेनं ठराव केला, त्याला वहीतली पानं जोडली: या उताराखालचे झरे, त्यावर अवलंबून असलेले पाणवठे, उतारावरची झाडं. अर्ज देताना जमीन महसूल संहितेचं कलम ४८(७) लिहिलं, ज्यात बेकायदा गौण खनिज काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत वसुली आहे. पंचनामा झाला. मशीन गेलं. दिवाळीनंतर परत आलं, या वेळी रात्रीचं. पुन्हा अर्ज दिला आहे. झऱ्यांपैकी एकाचं पाणी यंदा फेब्रुवारीतच आटलं. त्याचं कारण तोच उतार आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण पूर्वीच्या रकान्यात त्याच्यापुढे 'बारमाही' लिहिलेलं आहे, आणि ते लिहिलेलं असल्यामुळेच आता फरक दाखवता येतो.

हे नाशिकमध्ये सांगितलं की लोक म्हणतात, 'वा, आदिवासींचं छान काम करता.' मला तेव्हा चीड येते. त्या झऱ्यांचं पाणी गंगापूर धरणाला येतं आणि ते आपण पितो. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असलं की वरच्या धरणांतून पाणी सोडायची पाळी येते, तेव्हा 'आमच्या हक्काचं पाणी' म्हणून नाशिकमध्ये मोर्चे निघतात, सगळे पक्ष एका सुरात बोलतात. ते पाणी ज्या उतारावरून येतं तो उतार ट्रॅक्टरनं चालला आहे, तर त्याच्यासाठी एकही मोर्चा निघालेला मी पाहिलेला नाही. मुरूम कुठे जातो हे विचारायलाही कोणी तयार नसतं, कारण तो आपल्याच कुठल्यातरी प्लॉटच्या भरावाला आलेला असतो.

शेजारच्या गावच्या लोकांनी आता निरोप धाडला आहे, की आम्हालाही वही करायची आहे, तुमची हाताची वही बघायला द्या. व्यापाऱ्याची गाडी ज्या गावात लागते तेच हे गाव. समितीतल्या बायका म्हणतात, द्यावी, दोन गावांनी मिळून दर ठरवला तर गाडीला जायला जागा उरणार नाही. गुराखी म्हणतो, ऑफिसातली दाखवा, पेटीतली नको. पेटीच्या किल्ल्या दोन्ही गटांकडे असल्यामुळे कोणी एकट्यानं ठरवू शकत नाही. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा चौथा विषय आहे. पहिला घरकुलांच्या यादीचा, म्हणजे चौथ्यापर्यंत सभा पोहोचायला संध्याकाळ होणार. मी जाणार आहे. शेवटची बस चुकली तर आजींकडे मुक्काम.